टॉर्क रेंच रिव्ह्यू: घेतला अ‍ॅल्युमिनियम चाकांचे नट आवळायला, जास्त वापर टायरवाल्याचं काम सुधारायला

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाई असलेले सुटतील. पाचपैकी चार. घ्या, पैसे वाया जाणार नाहीत, पण घेतल्यावर तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नीट समजून घ्या नाहीतर नुसता टक् आवाज ऐकून खूश व्हाल आणि चाक तसंच राहील.

वस्तू म्हणजे टॉर्क रेंच, आपण लावलेल्या टॉर्कला (म्हणजे पिळायच्या जोराला) नट आला की टक् करून सांगणारा पाना; हा अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट अडकवायचा चौकोन अर्धा इंचाचा) क्लिकवाला, रेंज २५ ते २५० फूट-पाउंड (एक फूट दांडीच्या टोकाला एक पाउंड जोर म्हणजे एक फूट-पाउंड), दोन फूट लांब, प्लास्टिकच्या डब्यात येतो, शंभर डॉलरच्या आत मिळाला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, या किमतीतले चार-पाच रेंच आतून जवळपास एकसारखेच असतात आणि मला कोणाची जाहिरात करायची नाही की कोणाची उणीदुणी काढायची नाहीत. गाडी म्हणाल तर फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक, चारही चाकं अ‍ॅल्युमिनियमची, आणि मागे ओढायला छोटा कॅम्पर (आत राहता येतं असा ट्रेलर), त्याचीही चाकं अ‍ॅल्युमिनियमचीच. राहतो शिकागोच्या सबर्बमध्ये, म्हणजे थंडीत रस्त्यावर मीठच मीठ, नोव्हेंबरमध्ये विंटर टायर चढवायचे आणि एप्रिलमध्ये उतरवायचे, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी चाकं निघतातच, वर कॅम्परची वेगळी.

आता आकडे. २०१५ पासूनच्या एफ-१५० च्या चाकांच्या नटांना फोर्ड सांगतं १५० फूट-पाउंड, म्हणजे २०४ न्यूटन मीटर. एका चाकाला सहा नट, स्टड (हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागातून, बाहेर आलेला आट्यांचा दांडा, त्यावर नट बसतो) एम १४ बाय १.५, म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर, सॉकेट (नटावर बसणारी नळी) २१ मिलिमीटरचा. हा आकडा कारच्या मानाने बराच मोठा आहे, साध्या छोट्या गाड्यांना साधारण याच्या निम्मा असतो, त्यामुळे कारसाठी घेतलेला १०-१५० वाला स्वस्त रेंच इथे अगदी टोकाला जाऊन चालवावा लागतो. हार्बर फ्रेटमध्ये (इथलं स्वस्त हत्यारांचं दुकान) वगैरे मिळतो तो छोटा रेंच कारला मस्त आहे, पिकअपला नको. कोणताही रेंच त्याच्या रेंजच्या मधल्या भागात वापरलेला बरा, अगदी खालच्या टोकाला तर अजिबात विश्वास ठेवू नका. म्हणून २५० वाला.

एक गोष्ट लगेच सांगतो, कारण घरी पाहुणे आले की हमखास गोंधळ होतो. दांडीवर दोन स्केल आहेत, एक फूट-पाउंडचं, एक न्यूटन मीटरचं. आपल्याकडून आलेला माणूस २०४ न्यूटन मीटर डोक्यात ठेवतो आणि हँडल फिरवून २०४ लावतो फूट-पाउंडच्या स्केलवर. म्हणजे झाले २७७ न्यूटन मीटर. स्टडची वाट. त्यात या रेंचवर न्यूटन मीटरचे आकडे इतके बारीक कोरलेत की संध्याकाळी गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली मोबाईलचा टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाहीत, क्रोमवर क्रोम, रंग भरलेला नाही. एक स्टार यासाठीच कापला. (डब्याचं कुलूपही फालतू आहे, पण त्याच्यासाठी स्टार कापला तर मग कुठल्याच टूलला पाच मिळायचे नाहीत.)

वापर कसा होतो ते सांगतो. हँडलच्या खालचं लॉक सैल करायचं, हँडल फिरवायचं, बाहीवरच्या १५० च्या रेघेवर शून्य आणायचं, लॉक परत आवळायचं. मग रेंच हँडलच्या मुठीलाच धरायचा, मधे दांडीला नाही, आणि झटका न देता सावकाश ओढायचा. दोन फूट दांडीच्या टोकाला साधारण ७५ पाउंड म्हणजे ३४ किलोचा जोर लागतो, तो काही कमी नाही, पाय रोवून उभं राहावं लागतं. आणि मग हाताला एकदम ढिल्लं पडल्यासारखं होतं, टक्. तिथेच थांबायचं. पुन्हा एकदा खात्रीसाठी म्हणून टक् टक् टक् करणारे लोक असतात ना, ते प्रत्येक वेळी नट थोडा थोडा पुढे सरकवत असतात आणि वर म्हणतात मी टॉर्क रेंच वापरतो.

आमचे काका उन्हाळ्यात इथे आले होते, कराडचे, दहाचाकी चालवायचे पुणे-बंगलोर हायवेला. पहिला टक् झाला तसे दचकले, "काय रे, मोडलं का काय?" म्हटलं काका नाही, तो सांगतोय की झालं आता बास. त्यांना ते काही पटेना. "आमच्या गाडीला पाना लावायचा, त्यात चार फुटी पाईप घालायचा आन् क्लीनरला वर उभा करायचा. चाक कधी गेलं नाय." आता गंमत बघा, मी नंतर हिशोब केला. साठ किलोचा क्लीनर म्हणजे १३२ पाउंड, पाईप चार फूट, झाले साधारण ५३० फूट-पाउंड. आणि इथल्या अठराचाकी ट्रकच्या चाकांना, जी आता बहुतेक हबवर बसणारी असतात (म्हणजे नटाच्या उताराने नाही, मधल्या भोकाने हबवर मध्यावर येणारी), दहा नट, एम २२ चे स्टड, ३३ चा सॉकेट, त्यांना टॉर्क सांगितलाय ४५० ते ५००. म्हणजे बारीक क्लीनर असता तर काकांची पद्धत अगदी बरोबर आकड्यावर आली असती! फक्त तो वर उड्या मारायला लागला की हिशोब संपला. पण तीच सवय एम १४ च्या स्टडवर लावली तर पाहिजे त्याच्या साडेतीनपट जोर होतो, आणि जुन्या ट्रकच्या जाड लोखंडी डिस्कने जे सहन केलं ते अ‍ॅल्युमिनियम सहन करत नाही. हे मात्र काकांना पटलं, कारण अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं किती लवकर चेपतं हे त्यांना माहीत आहे.

अ‍ॅल्युमिनियमचं खरं दुखणं काय, तर नट लोखंडाचा आणि तो ज्या खड्ड्यात बसतो तो खड्डा मऊ. पिकअपच्या नटाला खाली ६० अंशाचा उतार असतो, शंकूसारखा, तो चाकातल्या तशाच उताराच्या भोकात घुसून चाक मध्यावर आणतो. पहिले काही मैल गेले की हा जोड थोडा बसतो, रंग दबतो, पावडर कोट दबतो, मधे अडकलेली घाण चेपली जाते, आणि तेवढ्याने नटाचा ताण उतरतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम गरम झालं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, उतारावर ब्रेक तापले की चाक फुगतं, स्टड तेवढा वाढत नाही, ताण चढतो, थंड झालं की उतरतो. म्हणून चाक बसवलं की शंभर मैलांच्या आत परत एकदा टॉर्क तपासा असं फोर्डच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे आणि ते मॅन्युअलमधलं सगळ्यात कमी वाचलं जाणारं वाक्य असावं. टायरच्या दुकानातही बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात हेच छापलेलं असतं, ५० ते १०० मैलांनी येऊन तपासून घ्या. बरेच जण फुकट करून देतात. जातं कोण?

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

क्लिकवाला रेंच तुम्हाला फक्त एवढंच सांगतो की नट १५० पेक्षा कमी नाही. जास्त किती आहे ते तो सांगूच शकत नाही. इथल्या एका टायरच्या दुकानातून (नाव नको) नवीन टायर बसवून आणले, घरी येऊन रेंच लावला, सहाच्या सहा नटांना हात लावल्याबरोबर टक्, नट केसभरसुद्धा हलला नाही. बघणाऱ्याला वाटेल वा, परफेक्ट काम. तसं अजिबात नाही. नट हलायच्या आधीच टक् झाला म्हणजे तो १५० वर असेल किंवा ३०० वर असेल, रेंचला काही पडलेली नाही. मग ब्रेकर बार (घट्ट नट सोडवायची लांब दांडी) घेतला आणि एकेक नट सोडवायला गेलो तर दोन नट सुटता सुटेनात, दोन्ही हातांनी लटकलो तेव्हा कर्र करून सुटले. एअर गन लावून ठोकलेले होते सरळ. टॉर्क स्टिक असते दुकानात, ती रंगीत दांडी, ठरलेल्या टॉर्कला पिळवटते आणि गनचा पुढचा जोर खाऊन टाकते, पण गन कुठली, हवेचं प्रेशर किती, पोरगा ट्रिगर किती वेळ दाबून धरतो याच्यावर सगळं अवलंबून. आणि समजा आय-८० हायवेवर टायर गेला असता आणि गाडीसोबत आलेल्या त्या वीतभर पान्याने हे नट सोडवायची वेळ आली असती तर? बायको-पोरं गाडीत, बाजूने ट्रक चाललेत ७० च्या स्पीडने, आणि मी पान्यावर उभा.

म्हणून दुकानातून आल्यावर माझी पद्धत आता अशी की गाडी जमिनीवरच ठेवायची, एक नट ब्रेकर बारने सोडवायचा, परत हाताने बसवायचा, रेंचने १५० ला आवळायचा, मग समोरचा. एका वेळी एकच, बाकीचे पाच जागेवर. गाडी थंड असताना. टॉर्क रेंचने नट सोडवायचा नाही, कधीच नाही, त्याच्या आतली स्प्रिंग मोजायला आहे, ताकद लावायला नाही. ब्रेकर बार वेगळा घ्या, वीस-पंचवीस डॉलरची लोखंडी दांडी, आयुष्यभर टिकते.

स्वतः चाक काढून बसवत असाल तर रेंच हातात घ्यायच्या आधीचंच काम जास्त आहे, खरं सांगायचं तर. आमच्याकडे मिठामुळे अ‍ॅल्युमिनियमचं चाक आणि लोखंडी हब एकमेकांना असे चिकटतात की सगळे नट काढले तरी चाक निघत नाही, मागून टायरवर लाथा घालाव्या लागतात. निघालं की हबचा चेहरा आणि चाकाची मागची बाजू वायर ब्रशने साफ करायची, हबवर गंज असतो आणि चाकावर ती पांढरी पावडर धरलेली असते, ती तशीच ठेवून नट आवळले तर टॉर्क बरोबर येतो पण चाक बसलेलं असतं गंजाच्या पापुद्र्यावर, आणि पन्नास मैलांत पापुद्रा चुरा झाला की नट ढिले. मधल्या गोल कडेला, जिथे चाक हबवर सरकतं, तिथे बोटाने थोडंसं ग्रीस, बास. आट्यांना काही नाही.

आट्यांवरून भांडणं होतात म्हणून थोडं जास्त लिहितो. आपल्याकडे प्रत्येक जण सांगणार की आट्यांना थोडं ऑइल मार, पुढच्या वेळी सोपं जातं. नट आवळताना तुम्ही जो जोर लावता त्यातला साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, नटाच्या खाली आणि आट्यांमध्ये, फक्त दहाएक टक्के स्टड ताणायला उरतो. आणि चाक जागेवर धरून ठेवतो तो तो ताण, टॉर्क नव्हे. ऑइल किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं की घर्षण कमी, मग १५० वर टक् होतो तेव्हा स्टड ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त ताणलेला असतो. फोर्डचा १५० चा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांचा आहे. आटे गंजलेले असतील तर उलटं, सगळा जोर गंजाशी भांडण्यात जातो, टक् होतो आणि चाक मात्र सैल. वायर ब्रश फिरवायचा, नट हाताने शेवटपर्यंत फिरतोय का बघायचं, मधेच अडला तर नट किंवा स्टड बदलायचा. आता मोठ्या ट्रकवाल्यांचं वेगळं, त्यांच्या हबवर बसणाऱ्या चाकांना नटाखाली फिरता वॉशर असतो, नट फिरला तरी वॉशर जागेवर राहतो त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम ओरबाडत नाही, आणि तिथे नट आणि वॉशरच्या मधे ऑइलचे दोन थेंब टाकायला सांगितलेलंच आहे. त्यांचं ऐकून पिकअपला तेच करू नका.

बसवताना पहिले दोन-चार आटे नेहमी बोटांनी. सॉकेटला नट अडकवून थेट गन लावणारे बघितले की माझ्या अंगावर काटा येतो, एकदा आटा तिरका चढला की स्टड गेला. पूर्ण आवळेपर्यंत नट कमीत कमी सात-आठ फेरे गेला पाहिजे, बाहेरून घेतलेली फॅन्सी चाकं जाड असतात तेव्हा हे मोजाच. चाक हवेत असताना समोरासमोरच्या क्रमाने हलकेच टेकवून घ्यायचे, वरचा, मग बरोबर खालचा, मग तिरके, नुसतं गोल गोल जाऊ नका, चाक एका बाजूने बसतं आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. मग जॅक थोडा खाली, टायर जमिनीला टेकून फिरायचा थांबेल एवढाच, आणि तेव्हा १५०, परत त्याच क्रमाने. मग शेवटची एक चक्कर, प्रत्येकाला एक टक्, कुठला नट हलतो का बघायला. पहिला आवळलेला जवळजवळ नेहमीच थोडा हलतो, बाकीचे पाच आवळले की चाक अजून आत सरकतं आणि पहिल्याचा ताण उतरतो. हे बघायला मिळालं तेव्हाच मला रेंचचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, कारण हाताच्या अंदाजाला हे कधी कळलंच नसतं.

सॉकेटबद्दल, २१ चा डीप (खोल) इम्पॅक्ट (गनचा मार सहन करणारा) सॉकेट घ्या, पातळ भिंतीचा आणि बाहेरून प्लास्टिकची बाही असलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकात नटाची भोकं अरुंद असतात, साधा जाड सॉकेट आत जातो पण फिरताना कडेला घासून गोल चरे पाडतो आणि ते चरे कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. आणि बऱ्याच अमेरिकन गाड्यांना कंपनीचे नट दोन तुकड्यांचे येतात, आत लोखंड, वरून चकचकीत पातळ टोपी. मधे पाणी-मीठ शिरलं की आतला गंज टोपी फुगवतो, मग २१ चा सॉकेट बसत नाही आणि २२ चा ढिला होतो. मी सरळ एकसंध नट घेतले, त्याच शंकूचे, त्याच आट्याचे. घेताना उतार नीट बघा, गोल बुडाचा नट शंकूच्या भोकात बसवला तर टॉर्क कितीही बरोबर लावा, टेकतोय फक्त एका कडेवर.

कॅम्परसाठी हाच रेंच चालतो का, हो. तिथे अर्धा इंचाचे स्टड आहेत, डेक्स्टर कंपनीचे अ‍ॅक्सल, त्यांचं म्हणणं ९० ते १२० फूट-पाउंड, तेही एकदम नाही, आधी २०-२५, मग ५०-६०, मग फायनल. पहिला टप्पा या रेंचच्या अगदी तळाला येतो, तिथे टक् इतका बारीक की कळतच नाही, तो मी साध्या पान्याने हाताच्या अंदाजानेच करतो. आणि मग १० मैल, २५ मैल, ५० मैल झाल्यावर परत तपासायचे. ऐकायला जरा अति वाटतं पण दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर कॅम्पसाइटवर मागे घेताना चाकं अक्षरशः आडवी घासत वळतात, स्टडवर काय होत असेल विचार करा. आम्ही डेव्हिल्स लेकला (विस्कॉन्सिनमधलं पार्क) कॅम्पिंगला निघालो की पहिल्या गॅस स्टेशनला पोरं चिप्स घ्यायला जातात आणि मी रेंच घेऊन खाली. लोक बघतात. बघू देत.

तपासताना नुसता टक् ऐकू नका, डोळेही वापरा. नटाभोवती काळी भुकटी किंवा चकाकणारी ओरबाडलेली रिंग दिसली तर चाक हलत होतं असं समजा. भोक अंडाकृती झालेलं दिसलं तर ते चाक संपलं, आवळून काही होत नाही, बदला. हळू स्पीडला टक टक आवाज किंवा अचानक थरथर, तिथेच बाजूला घ्या.

ठेवताना स्केल सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, २५ वर, त्याच्याही खाली फिरवत बसायचं नाही. १५० वर तसाच ठेवला तर स्प्रिंग दबलेली राहते. पडला, जोरात आपटला तर परत कॅलिब्रेट (आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवून) करून घ्या. या प्रकारच्या रेंचला अधिक-उणे ४ टक्क्यांची मुभा असते स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे १५० ला १४४ ते १५६, चाकासाठी भरपूर झालं. कारखान्यात वापरणाऱ्यांना वर्षाला किंवा ५००० क्लिकला कॅलिब्रेशन सांगितलंय, घरगुती वापरात ५००० क्लिक व्हायला नातवंडं लागतील, पण वर्षं मात्र भराभर जातात त्यामुळे ते डोक्यात ठेवा.

ज्यांना वर्षातून एखाद्या वेळीच लागणार त्यांनी विकत घेऊच नका. ऑटोझोन, ओरायली ही गाडीच्या पार्ट्सची दुकानं, दोघंही डिपॉझिट ठेवून टूल देतात, परत केलं की पैसे परत, त्यात टॉर्क रेंच असतो. फक्त तिथला रेंच आधी कोणी कसा वापरला असेल देव जाणे, कोणीतरी त्यानेच नट सोडवले असणार. आपल्याकडे पुण्या-मुंबईत अलॉय व्हील असलेले बरेच जण विचारतात, तर बाबांनो तुमच्या गाडीला २५० वाला नको, १०-१५० वाला पुरे, आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या, माझा १५० वापरू नका.

बीम टाइप, तो काट्यावाला साधा, कोणी ट्रकला वापरत असेल तर सांगा जरा. त्यात नट सोडवतानाचा जोर पण काट्यावर दिसतो म्हणे, दुकानदाराने किती ठोकलाय त्याचा निदान अंदाज तरी येईल, आणि पुढच्या वेळी बिल घेऊन बोलायला जाता येईल.